मडीतले स्फटिक

आमच्या घरी तूप हातभर उंचीवरून वाढलं जायचं. पळी पानातल्या भाताला लागली तर ती एंजल, म्हणजे उष्टी. ती तशीच भांड्यात परत गेली तर सगळं तूप एंजल. आणि मग ते देवापुढच्या निरांजनाला चालायचं नाही. माझी आत्या ही धार इतकी बारीक आणि नेमकी सोडायची की एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. लहानपणी मी मुद्दाम पान हलवून बघायचे, तर धारही पानाबरोबर हलायची. तिच्या हाताला सवय होती आणि माझ्या अंगात खोडी होती, त्यामुळे जेवणं मजेत जायची.

घर म्हैसूरच्या अग्रहारात होतं, भाड्याचं. पुढे दोन खोल्या, मग एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. आमचे पूर्वज इकडे कधी आणि कशासाठी आले हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. मराठी मात्र टिकली होती, कन्नडचं भरपूर पाणी घालून. सोवळ्याला आम्ही मडी म्हणायचो, ओवळ्याला मैलिगे, आणि आत्याला अत्ते.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन ती भावाकडे परत आली होती. तिच्या मालकीचं असं घरात काही नव्हतं, पण स्वयंपाकघर तिचं होतं आणि तिथली मडी तिची होती. पहाटे विहिरीवर आंघोळ करून ओल्या लुगड्याने ती बोळातून आत जायची, तेव्हा आम्ही सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. "मुट्टबेड, शिवू नको," हे तिचे दिवसाचे पहिले शब्द असत. दुसऱ्या दिवशीचं लुगडं आढ्याखालच्या वेळूवर काठीने टाकलेलं असायचं, कुणाचा हात पोचू नये म्हणून. आईचासुद्धा स्वयंपाकघरातला वावर तिच्या मर्जीवर चालायचा. आई गेल्यावर तर प्रश्नच उरला नाही.

मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. भौतिकशास्त्राचं पुस्तक हातात आल्यापासून तर मी फारच शहाणी झाले होते. "अत्ते, हवेतनं मैलिगे येत नाही का? हवा सगळीकडे एकच असती," असं मी विचारायचे. ती म्हणायची, "हवेला मडी-मैलिगे नाही. तुला आहे."

एम.एस्सी. झाल्यावर मी तळ्यापलीकडच्या विद्यापीठात संशोधनाला लागले. विषय होता पदार्थांचे गुणधर्म. म्हणजे नेमकं काय, असं आत्याने एकदा विचारलं. मी सांगितलं की पदार्थाला तापवायचं, थंड करायचं, विजेत ठेवायचं, क्ष-किरणांत धरायचं, आणि तो काय करतो ते बघायचं. "छळायचं म्हण की," ती म्हणाली. माझ्या कामाचं याहून थोडक्यात वर्णन मला पुढेही कुणी सांगितलेलं नाही.

आमचे सर हुणसूरकडचे, तंबाखू पिकवणाऱ्या घरातले. सावकाश बोलायचे, आणि काही महत्त्वाचं सांगायचं असलं की "नोडम्मा" म्हणून सुरुवात करायचे, म्हणजे बघ बाई. त्यांनी मला एक फिकट पिवळी पूड दिली. रसायनशास्त्राच्या इमारतीतल्या त्यांच्या मित्राने ती नव्यानेच तयार केली होती. मी तिचे स्फटिक वाढवायचे आणि त्यांचे गुणधर्म मोजायचे, एवढंच काम. पुडीत रेणू कसेही पडलेले असतात. त्यांचा गुण कळायचा तर ते शिस्तीत रांगा लावून बसलेले हवेत, आणि तसे बसलेले रेणू म्हणजे स्फटिक. रांगा कशा लागल्या यावर सगळं अवलंबून. पंगतीत माणसं समोरासमोर तोंड करून बसली तर वाढप्याला एक वाट घ्यावी लागते, सगळी एकाच दिशेला तोंड करून बसली तर दुसरी. माणसं तीच असतात.

दसरा उलटल्यावर माझ्या पहिल्या भांड्यात स्फटिक आले. गरम पाण्यात पूड विरघळवून, झाकून, कपाटात ठेवून दिली होती. उघडून बघते तर तळाशी पातळ, चपट्या, पिवळसर पाकळ्या. मला इतका आनंद झाला की मी त्या काचेच्या नळीत घालून घरी घेऊन गेले आणि आत्याला लांबूनच दाखवल्या. "शेवंतीच्या पाकळ्या बघ की," ती उंबऱ्यापलीकडून म्हणाली. तेव्हापासून आमच्यात त्यांचं नाव पाकळ्या पडलं.

क्ष-किरणांच्या फिल्मवर ठिपके उमटले तेव्हा सर बराच वेळ भिंगातून बघत बसले. पाकळीतले रेणू सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले असावेत, असं त्यावरून वाटत होतं. तसं असेल तर पाकळी नुसती कोमट केली तरी तिच्या एका बाजूवर वीज जमायला हवी. असे पदार्थ थोडे आहेत आणि त्यांना किंमत आहे. एक मोठी पाकळी निवडून मी तिच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप दिला, केसासारख्या तारा चिकटवून त्या वीज मोजणाऱ्या यंत्राला जोडल्या आणि दिव्याची ऊब दिली. काटा हलला. दिवा दूर केला तर उलट्या दिशेला हलला. मी पुन्हा दिवा जवळ नेला, आणि पुन्हा तसंच झालं. मग पाकळीला मधोमध तडा गेला.

सर त्या दिवशी बंगळूरला गेले होते. आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोडम्मा, फार चांगलं झालं. आता हेच आणखी चार पाकळ्यांवर करून दाखव." त्यात गैर काही नव्हतं. एकदा हललेला काटा सैल तारेमुळेही हलू शकतो. माझा सगळा प्रबंध आता त्या काट्यावर टांगलेला होता, आणि मला काळजी अशी काही वाटत नव्हती. लहान पाकळ्या विरघळवून मोठ्या वाढवायच्या, जशा सगळेच वाढवतात. मी त्या विरघळवल्या आणि भांडं झाकून ठेवलं.

या वेळी सुया आल्या.

बारीक, लांब, टोकदार. वितळायच्या त्या जास्त तापमानाला, आणि फिल्मवरचे ठिपके अगदी वेगळे. पदार्थ तोच, पण पंगत निराळी बसली होती. एका रांगेचं तोंड इकडे तर शेजारच्या रांगेचं तिकडे, म्हणजे विजेचा हिशेब शून्य. तरीही मी तापवून पाहिलं. काटा ढिम्म.

मी पुन्हा विरघळवलं, तर सुया. नवं भांडं आणलं, सुया. हळू थंड केलं, भराभर थंड केलं, कपाट बदललं, खोली बदलली. सुया. पहिल्या खेपेच्या थोड्या पाकळ्या नळीत जपून ठेवल्या होत्या. एका सकाळी त्या खडूसारख्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या. भिंगातून पाहिलं तर आतून सगळ्या बारीक सुयाच झाल्या होत्या, नुसता आकार पाकळीचा राहिला होता. ती नळी हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कुणीतरी चहाला बोलावलं तेव्हा हललेच नाही म्हणतात.

सरांनी मला समोर बसवून समजावलं. असं होतं, ते म्हणाले. क्वचित होतं, पण होतं. सुयांची मांडणी जास्त स्थिर असते. ती एकदा जन्माला आली की तिचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा पुरतो. तो हवेत असतो, कपड्यांवर असतो, केसांत असतो. नव्या भांड्यात तो पडला की सगळे रेणू त्याच्यासारखेच रांगेला लागतात. पहिल्यांदा पाकळ्या आल्या कारण तोवर जगात सुई नव्हतीच. "आता आहे," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांनी बंगळूरच्या एका मित्राकडेही पूड पाठवली. तिथेही सुयाच आल्या. पूड बांधून दिली होती मीच, त्यामुळे तो कणही माझ्याच हातून बाटलीत बसून गेला असणार. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि सरांची निवृत्ती जवळ आली होती. रोज सकाळी मी प्रयोगशाळेत जायचे, झाकण उघडायचे, सुया बघायचे आणि झाकण लावायचे. करण्यासारखं काही नाही आणि न करून चालत नाही, अशी ती अवस्था होती. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, निदान ती सुधारता आली असती.

घरी माझं जेवण कमी झालं. एके दिवशी तुपाची धार अर्ध्यावर थांबवून आत्याने विचारलं, "काय झालंय गे तुला? पानात नुसती रेघा ओढत बसलीस."

मी चिडूनच सांगितलं. सोपं करून सांगताना विरजणाचा दाखला दिला, ज्याला आम्ही हेप्पु म्हणायचो. "दुधात एक थेंब हेप्पु पडलं की सगळ्याचं दही होतं ना? तसं झालंय. एक कण कुठेतरी आहे. कुठे आहे ते दिसत नाही. धुतलं तरी जात नाही. माझ्या केसांत असेल, साडीत असेल. मी जिथे जाईन तिथे तो येतो."

आत्या पळी हातात धरून ऐकत होती. "म्हणजे मैलिगे झाली म्हण," ती म्हणाली.

मी हात धुवून उठले. लहानपणापासून ज्या खुळाशी भांडत आले ते आता माझ्याच प्रयोगशाळेत येऊन बसलं होतं, आणि त्याला माझ्या सरांनी शास्त्राचं नाव दिलं होतं. पण विद्यापीठात जाताना, तळ्याच्या कडेने चालत असताना, एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पाय जागेवर थांबले. म्हैसुरात अशी एकच जागा होती जिथे मी प्रयोगशाळेच्या कपड्यांनी कधीच पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या बोटांनी शिवलेली एकही वस्तू पाण्याने शुद्ध केल्याशिवाय जिथे गेली नव्हती. जिथली बाई माझ्या सावलीपासूनही लुगडं सावरून चालत होती.

सरांना हे सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं. ते हसले नाहीत. "तुझ्या अत्तेला विचार," म्हणाले, "पण तू आत जायचं नाहीस. कण तूच आहेस."

स्वयंपाकघरात स्फटिक वाढवायला आत्याने आधी साफ नकार दिला. विषारी असलं तर? नाही म्हटलं, फक्त तोंडात घालायचं नाही. देवाच्या शेजारी कशाला असलं? मी म्हटलं, तुझी जागा स्वच्छ आहे म्हणून. ती पदर सारखा करत म्हणाली, "माझी मडी कुणाला तरी पाहिजे झाली म्हण. इतकी वर्षं नुसती सगळ्यांना अडचण होती." तिच्या तोंडावर जे दिसलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

मग तिने कामाला हात घातला तो असा की आमच्या प्रयोगशाळेतल्या कुणाला जमलं नसतं. काचेचं भांडं मी दुकानातून बांधलेलंच आणलं आणि उंबऱ्यावर ठेवून मागे सरले. तिने त्यावर पाणी शिंपडलं, उचललं, शिकेकाईने घासलं, विहिरीच्या पाण्यात उकळलं. पूड रसायनशास्त्राच्या इमारतीतून नव्या बाटलीत भरून आली होती. त्या बंद बाटलीवरही तिने पाणी शिंपडलं. पाण्यावरून मात्र आमचं वाजलं. मला शुद्ध केलेलं पाणी हवं होतं, जे कारखान्यातून डब्यात यायचं. ते तिच्या मडीला चालेना. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात ते माझ्या स्फटिकांना चालेना. शेवटी तिनेच तोड काढली. शेगडीवर पाणी उकळत ठेवून त्यावर तिरपं झाकण धरलं, आणि वाफेचे थेंब वाटीत गोळा करत सकाळभर बसून राहिली. मी बोळात पाटावर बसून तिच्याकडे बघत होते. आमच्या घरात तिची-माझी एवढा वेळ सोबत कधी झाली नव्हती.

"आता काय करू?"

"भांडं उकळत्या पाण्यात ठेव. पूड घाल. एकही कण दिसला नाही पाहिजे."

"दिसत नाही."

"अजून ढवळ."

"स्वल्प थांब की. हात माझा आहे."

तिने भांडं उतरवलं, त्यावर धुतलेल्या मलमलीचा तुकडा बांधला आणि लोणच्याच्या बरणीशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. काय यायला हवं ते मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. पाकळ्या आल्या तर आपलं काम झालं. सुया आल्या तर नाही. तिने मान हलवली, जशी मठातल्या प्रवचनाला हलवायची.

पुढचे दिवस मी वाट बघण्यात काढले. आंघोळ करूनसुद्धा उंबऱ्याच्या आत जात नव्हते. पुढच्या खोलीतच जेवत होते. आत्या रोज मडीने कोनाड्यापाशी जायची आणि आतून सांगायची, काही नाही. मी फार विचारलं की म्हणायची, "सुम्ने गप बस. सारखं विचारून दही लवकर लागतं काय?" मला रोज वाटायचं की आज येतील, आणि मग वाटायचं की आज न आलेल्याच बऱ्या. मी देवावर विश्वास ठेवत नव्हते. पण आत्याच्या मडीवर त्या दिवसांत माझा जितका विश्वास होता तितका तिचा स्वतःचाही नसेल. ती खरी निघावी असं मला मनापासून वाटत होतं. चाळीसेक वर्षं ही बाई कुणाला शिवली नाही, याचा कुठेतरी काही उपयोग व्हावा, असं वाटत होतं.

एका सकाळी मी केस पुसत असताना आतून हाक आली. "आलं गे. ये बघायला."

मी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. आत्या ओल्या लुगड्यात, दोन्ही हातांनी भांडं धरून, मागच्या खिडकीच्या उजेडाकडे वळली होती. तिचा आवाज फुलला होता. "किती चंद, किती सुरेख आलंय बघ. एकसारखं, सरळ. दर्भासारखं आलंय."

दर्भ तिच्या लेखी पवित्र. त्याच आनंदात ती बोलून गेली. ती वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या भांड्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं.

"हे सुया होय?"

मी मान हलवली.

तिने भांडं कोनाड्यात परत ठेवलं. हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पाणी मी काढलं. पूड मी विरघळवली. तू आत आली नाहीस."

"नाही."

"मत्ते? मग कुठनं आलं?"

"पूड त्या इमारतीतनं आली, अत्ते. मी तिथेही जाते. बाटलीतच एखादा कण राहिला असेल."

"कण दिसेनासा होईपर्यंत ढवळ म्हणालीस ना? एकही नव्हता. मी उजेडात धरून बघितलं."

"डोळ्यांना दिसत नाही तो."

"मग आधीपासूनच आत होता म्हण." तिने स्वयंपाकघरभर नजर फिरवली. वेळूवरचं लुगडं, देवाचा पाट, बरण्या, तुपाचं भांडं. "किती वर्षांपासून?"

मी म्हटलं, तसंच काही नाही. मडीचा याच्याशी संबंध नाही. हा स्फटिकाचा कण आहे, आणि तो तर आत्ता आत्ता जन्माला आलाय. मी पुष्कळ बोलले, आणि एकेक वाक्य बोलताना मला कळत होतं की ते तिच्यासाठी खोटं पडतंय. एवढासा कण जर आत येऊ शकला तर बाकीचं काय काय येत राहिलं असेल? एवढं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जे मीच लहानपणी वाकड्यात शिरून विचारायचे ते आता तिने स्वतःला विचारलं होतं, आणि उत्तर कोनाड्यात चमकत होतं.

"एवढं सांग," ती म्हणाली. "माझ्या मडीत चुकलं का? होय की नाही?"

"गोत्तिल्ला, अत्ते."

हे खरं होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि कळायची सोय नव्हती. पुडीतून आला, पाण्यातून आला, तिच्या लुगड्यावरून आला की उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या केसांतून उडाला, हे जगातल्या कुठल्याही उपकरणाने सांगता आलं नसतं. स्फटिक कुठल्या कणापासून वाढला ते स्फटिक झाल्यावर कळत नाही. कण आतच राहतो. माझ्या जागी एखादा भटजी असता तर त्याने काहीतरी प्रायश्चित्त तरी सांगितलं असतं. माझ्याकडे तेही नव्हतं.

त्या दिवशी तिने सगळं स्वयंपाकघर धुतलं. बरण्यांतलं लोणचं तिने परसात ओतून टाकलं, त्याचा वास बोळभर पसरला. वडील कचेरीतून आल्यावर म्हणाले, आज काय सण आहे?

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "मी तुझ्यावर विश्वास ठेवतो, बघ," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर काटा हलला असणार. पण ते लिहिता येत नाही." प्रबंध सुयांवरच लिहिला गेला. त्यांची लांबी, त्यांचं वितळणं, विजेच्या बाबतीतला त्यांचा थंडपणा, सगळं व्यवस्थित. पाकळ्यांना शेवटी एक परिच्छेद मिळाला, त्यात त्या पुन्हा मिळाल्या नाहीत असं होतं. परीक्षकांनी तो गाळायला सांगितलं. सर अडून बसले म्हणून तो राहिला.

प्रबंध टंकायला देऊन आले त्या दिवशीची गोष्ट. दुपार टळली होती. मी सरळ प्रयोगशाळेतून आले होते, अंगावर तेच कपडे, हातात पिशवी. बोळात शिरले तर समोरून आत्या विहिरीवरून ओल्याने येत होती. मी सवयीने भिंतीला चिकटले. ती थांबली नाही, बाजूला झाली नाही, लुगडं सावरलं नाही. तिचा ओला पदर माझ्या दंडाला घासून गेला.

"अत्ते, शिवलीस," मी म्हटलं. "मी लॅबमधनं आलेय."

"असू दे."

"पुन्हा आंघोळ करावी लागेल तुला."

"कशाला?" ती म्हणाली. "भूक लागली असेल. आत ये."

"इथे बसते की मी. पुढे."

"तिकडे कशाला घेऊन येऊ? आहे तशी आत ये म्हणते ना."

या वाक्यासाठी मी लहानपणी काय काय केलं होतं. पान हलवलं होतं, रडून गोंधळ घातला होता, मुद्दाम लुगड्याला हात लावून मारही खाल्ला होता. आता ते ऐकायला नको होतं. तिने मुट्टबेड म्हणावं, दूर हो म्हणावं, मला हाकलावं असं वाटत होतं. पण ते मागायचं कसं? मी उंबरा ओलांडून आत गेले आणि तिने मांडलेल्या पाटावर बसले.

कोनाड्यात ते भांडं तसंच होतं. सगळं धुऊन काढलं, लोणचं टाकलं, पण ते तिने टाकलं नव्हतं. मलमल सैल झाली होती, पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि सुया बोटभर वाढल्या होत्या. मी वाकून पाहिलं. त्यांत धुळीचा ठिपका नव्हता, तडा नव्हता, गढूळपणा नव्हता. इतक्या निर्मळ सुया मी प्रयोगशाळेत कधीच वाढवू शकले नव्हते.

"अत्ते," मी म्हटलं, "इतक्या स्वच्छ मी कधी बघितल्या नाहीत. खरंच सांगते. जागा स्वच्छ असल्याशिवाय असं वाढत नाही."

"स्वच्छ असून काय करायचं," ती भात वाढत म्हणाली. "पाहिजे ते नव्हे ना."

तिने तुपाचं भांडं घेतलं आणि माझ्यासमोर बसली. वरून धार येईल म्हणून मी वाट बघत होते. पळी खाली आली, माझ्या भातावर टेकली, आणि तिने ती तशीच तुपाच्या भांड्यात परत ठेवली.